न गाळलेलं पाणी

साखरखेर्ड्याच्या अलीकडे एक पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून तो बांधला, तेव्हा त्यात बांधणाऱ्यांच्या घामाशिवाय दुसरी ओल नव्हती, असं लोक अजून सांगतात. पुढचे पावसाळे बरे गेले. तलाव भरला, आणि पाळीखालच्या तुळशीरामबुवांच्या मळ्यात उन्हाळ्यातसुद्धा पाझर येऊ लागला. बुवांनी मळ्याच्या कडेला एक लहानसं तळं खोदून घेतलं आणि तालुक्याहून माशांचं बी आणून त्यात सोडलं. या बियाला जिरंच म्हणतात, कारण ते असतं जिऱ्याएवढं. ते बोटाएवढं झालं की त्याची बोटुकली होते, आणि मग ती मोठ्या तलावात सोडायची. बुवांच्या घरात मासा शिजत नव्हता. पण जीव वाढवायला कोणाची ना आहे, असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या खाण्यासाठी सरकीच्या ढेपेचा खर्च करायचे.

वाढवणारा मात्र कडूबा. कडूबा घरचा जुना सालदार, मूळचा पैनगंगेच्या काठचा. त्याच्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू काळ तोंडात घालत नाही, असा हिशेब. हिशेब बरोबर निघाला आणि कडूबा साठीला आला. नदीकाठचा माणूस, त्यामुळे पाण्यातलं त्याला न सांगता कळायचं. सकाळी ढेप भिजवून तो तळ्याच्या काठी बसायचा आणि पाण्यावर बोटांनी टिचक्या मारायचा, की रोहूची पिल्लं ढगासारखी त्याच्या हाताखाली गोळा व्हायची. मिरगळ मासळी खाली चिखलात चरायची, गावठी झिंगे दगडाआड असायचे, पण कडूबाचा जीव रोहूवर. गोजरबाई, त्याची बायको, म्हणायची की एवढ्या लाडानं माह्याकडे पाह्यलं असतं तं मी बी अंग धरलं असतं.

त्या वर्षी घरची सून विमल बाळंतपण करून दिवाळीनंतर सासरी आली. तिचं माहेर मेहकरकडे. वडील रामराव मोठे शेतकरी, त्यांच्या मळ्यातही एक जुनं तळं होतं. विमल अमरावतीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. नवरा हिंमतराव बुलढाण्याला नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारच्या पहिल्या एसटीनं जायचा. शिकलेली सून कशी निघते याची सासूला, मंजुळाबाईला, आधी धास्ती होती. पण विमल भाकरी पातळ थापायची आणि उलटून बोलायची नाही, तेव्हा शिक्षण माफ झालं.

या घरात एक रीत होती. पहिलटकरीण लेकरू घेऊन परत येते तेव्हा माहेरच्या तळ्याची नाहीतर विहिरीची एक कळशी संगं आणते आणि सासरच्या पाण्यात ओतते. लेकराला नवं पाणी लागू नये, दोन्ही पाण्यांनी एकमेकांना ओळखावं, म्हणून. घरात एरवी पाण्याचा थेंब गाळल्याशिवाय माठात जात नसे. रांजणाच्या तोंडाला मंजुळाबाईंच्या जुन्या लुगड्याचं फडकं कायम बांधलेलं. पण माहेरचं पाणी गाळायचं नाही. गाळलं तर नातं गाळलं जातं.

विमलला ही रीत फार आवडली होती. तिनं स्वतः वडिलांच्या तळ्यात पायऱ्या उतरून कळशी भरली, तोंडाला केळीचं पान बांधलं आणि एसटीत ती मांडीजवळ धरून बसली, मांडीवर बाळ. घरी आल्यावर पान सोडलं तर आत रोहूची दोन-तीन पिल्लं फिरताना दिसली, चांदीच्या सुईसारखी. मंजुळाबाई म्हणाल्या, ओत विहिरीत. विमलनं विहिरीत डोकावून पाहिलं. आत काळोख होता, खोल. तिथं या एवढ्याशांचं काय होणार, असं तिच्या मनात आलं. ती कळशी कडेवर घेऊन तळ्यावर गेली. कडूबा तिथंच होता. बाळाला त्याच्या हातात देऊन तिनं कळशी हळूच पाण्यात आडवी केली.

कडूबा बाळाला म्हणाला, "पाह्य रे बाप्पा, तुह्या मामाच्या गावचे पाव्हने आले."

त्यानंतर थोड्याच दिवसांत रोहू मरू लागले.

आधी एखाददुसरा काळसर पडून पाण्याच्या वर गरगर फिरताना दिसायचा, भोवरा शेवटी फिरतो तसा. पोट फुगलेलं, मागं पांढरा दोरा लोंबत असलेला. मग सकाळी गेलं की पांढरी पोटं वर. कडूबा टोपलीनं मेलेले काढायचा आणि लिंबाखाली पुरायचा. एके दिवशी तो ओसरीसमोर येऊन उभा राहिला आणि बुवांना म्हणाला की मासे मीच मारले. वांग्यांवर एन्ड्रिन फवारलं त्या दिवशी विहिरीपर्यंत जायचा कंटाळा आला, म्हणून पंप तळ्याच्या दगडावर धुतला. एकदाच, पण धुतला.

एन्ड्रिन काय चीज आहे हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. बुवा जा म्हणाले नाहीत आणि राहा म्हणाले नाहीत. कडूबानं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला. साल पुरं व्हायला पाडव्यापर्यंतचा अवकाश होता, आणि अर्धं साल सोडून जाणारा सालदार पंचक्रोशीत कोणी पाहिलेला नव्हता. पण त्यानं गोजरबाईला सांगून ठेवलं की संक्रांतीनंतरच्या बाजाराच्या दिवशी तुझ्या भावाची गाडी येईल, तिच्यात बोचकी टाकू. गावाला तेवढंच पाहिजे होतं. पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं की कडूचा हातच कडू, लहानपणी काळानं सोडला तो आता वसूल करतोय.

हे बोलणं कडूबानं खरं मानलं, आणि इथूनच घरातलं काहीतरी बिघडलं. त्यानं जिवंत वस्तूला हात लावणं सोडलं. वासराला दावं लावायचं तर गोजरबाईला हाक मारायची. विमलचं बाळ त्याला पाहून दोन्ही हात पुढं करायचं, आणि तो हात मागं बांधून म्हणायचा, "नाई राजा, माह्या हाताले इख हाय." बाळाला ते कळायचं नाही. ते रडायचं.

विमलला ते रडणं सोसेना. बाळ झोळीत झोपलं की तेवढ्या वेळात ती तळ्यावर जाऊन बसायची आणि नुसती बघायची. बघता बघता तिला एक गोष्ट खटकली. मिरगळ जिवंत होती. झिंगे जिवंत होते. बेडकांची पोरं शेपट्या हलवत होती, पाण्यावरचे किडे पळत होते. मरत होते ते एकटे रोहू. एन्ड्रिन असं निवडत नाही. ते आंधळं असतं, सगळ्यांना सारखं मारतं. हे जे काही होतं ते जात बघून मारत होतं.

मत्स्य खात्याचे साहेब आले होते. बिचारे सायकलवर आले, बाटलीत मासे भरून तपासायला धाडले. काही दिवसांनी येऊन सांगून गेले की जंतू सापडले नाहीत, तरी मर थांबली नाही तर तळं कोरडं करून चुना टाका. विषाणू असेल तर तो पाहायची सोय आपल्याकडं नाही, आणि विष असेल तर आता ते उतरून गेलं असेल. कडूबानं त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

मग विमलनं कुंभाराकडून डेरे मागवले, उथळ, रुंद तोंडाचे. गोठ्याच्या सावलीत मांडले. श्रावणात जिरं उरलं होतं ते कडूबानं घरच्या विहिरीत सोडलेलं होतं, त्यामुळं विहिरीत रोहू होते आणि ते खणखणीत होते. त्या पाण्याला फवारणीचा पंप लागलेला नव्हता. विमलनं बादलीत भाकरीचा चुरा टाकून ती विहिरीत सोडली आणि मासे काढले. कडूबाला म्हणाली, धरा जरा. तो म्हणाला, मी हात लावत नाही. तेव्हा तिनंच धरले. दोन डेऱ्यांत विहिरीचंच पाणी, विहिरीचेच मासे. एकात तळ्यातला एक आजारी मासा सोडला, स्वच्छ पाण्यात खळबळून. दुसऱ्यात काही नाही.

मंजुळाबाई म्हणाल्या की बाई, हा काय खेळ मांडला. विमल म्हणाली, आत्याबाई, थोडे दिवस.

ज्या डेऱ्यात आजारी मासा होता त्यातले विहिरीचे मासेही काळे पडले, गरगरले आणि गेले. दुसऱ्यातले ढेप खात राहिले. विमलनं कडूबाला बोलावून दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला की वयनी, त्याच्या पोटात माह्यं इख होतं, थेच पान्यात उतरलं.

ही शंका खोटी नव्हती. विमलनं विचार केला. मग मासे मेले त्या डेऱ्यातलं वाटीभर पाणी तिनं नव्या डेऱ्यात ओतलं, नवे मासे सोडले. तेही गेले. त्यातलं वाटीभर आणखी पुढच्या डेऱ्यात. तेही गेले, आणि उशिरा नाही, पहिल्यांसारखेच. प्रत्येक वेळी मासा बादलीतून काढताना तिला वाटायचं, हा बरा जीव आपण मारायला नेतो आहोत. झोळीतलं बाळ कुरकुरलं की ती हात तीनतीनदा राखेनं घासायची, मगच त्याला घ्यायची. माशाचं माणसाला लागत नाही हे तिला माहीत होतं, तरी घासायची.

त्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं कडूबा आणि गोजरबाईला गोठ्यात बसवून घेतलं. गोजरबाईच्या हातात बोचक्याची दोरी तशीच होती. तुळशीरामबुवा ओसरीवर सुपारी कातरत होते. ऐकत नाही असं दाखवून ऐकत होते. मंजुळाबाई जवळच सूप घेऊन शेंगा फोडत होत्या.

विमल म्हणाली, "कडूमामा, चिमूटभर मीठ घागरीत टाकलं, त्यातलं वाटीभर दुसऱ्या घागरीत, त्यातलं वाटीभर तिसऱ्या. तिसरीचं पानी खारं लागन का?"

"काऊन लागन? पातळ व्हते."

"आन् विरजन? एक चमचा दह्याचा एका भांड्यात. त्यातला चमचा दुसऱ्यात. त्यातला तिसऱ्यात."

गोजरबाई बोलली, "तिसऱ्यात बी दहीच व्हते, बाई. विरजन पातळ होत नाई."

"इख मिठासारखं असते, मामा. हे विरजनासारखं हाय. पाह्यलं ना तुमी, तिसऱ्या डेऱ्यात बी तसंच झालं. हे वाढून राह्यलं. इख वाढत नाई."

कडूबानं डेऱ्यांकडं पाहिलं. मग विचारलं की असं असेल तर ते दिसत का नाही, आणि माशात शिरतं कसं, माशाला तर खवले आहेत.

विमलला आपल्या कॉलेजातल्या बाई आठवल्या. त्या परदेशी मासिकं वाचायच्या आणि धडा संपला की घंटा होईपर्यंत त्यातलं काहीतरी सांगायच्या. अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं होतं की काही विषाणूंना वरून तेलकट साय असते. तेलाचा थेंब तेलात मिसळावा तसे ते पेशीच्या अंगाला मिळून आत उतरतात. पण काही उघडेच असतात. ना साय ना कातडं, नुसतं टणक टरफल आणि आत बी. ते कसे शिरतात याचं मोठमोठ्यांना कोडं आहे, पण एवढं दिसलंय की दार ते मोडत नाहीत. विमलनं ते वर्गात उतरवूनही घेतलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आता गोठ्यात बसून तिनं आपल्या पदराचा ओचा केला आणि सुपातली एक शेंग त्यात टाकली.

ती सांगू लागली. माशाच्या आतड्याचं अंग लहान लहान घरांचं असतं. प्रत्येक घराला कुडासारखी पातळ साय. ही वस्तू पाण्यातून पोटात येते आणि त्या कुडाला नुसती टेकते. तिला पाय नाहीत, दात नाहीत. वाळूच्या कणापेक्षा ती काही जास्त करत नाही. पण तिच्या अंगावर काहीतरी ओळखीचं असतं, म्हणून रोहूचं घर तिला आपलं समजतं, मिरगळीचं समजत नाही. मग ते घरच असा ओचा करतं आणि तिला आत घेतं. तिनं ओच्याला पीळ दिला आणि मूठ पोटाशी धरली. आत नेऊन घर तिला पचवायला बघतं. पचवताना वरचं टरफल सुटतं. टरफल सुटलं नसतं तर ती तशीच पडून राहिली असती. पण सुटतं, आणि आतलं बी मोकळं होतं, आणि एकाचे शेकडो होतात.

गोजरबाई म्हणाली, "म्हंजे दार कोनी तोडलं नाई."

"नाई. घरानंच उचलून घेतलं."

ओसरीवरचा अडकित्ता थांबला होता. मंजुळाबाई हळूच म्हणाल्या की लेकराला घ्यावं तसं घेतलं म्हणायचं.

कडूबाला ते पटलं असावं, कारण तो आता दुसरंच विचारू लागला. आणि हाच प्रश्न तो विचारणार हे विमलला कालपासून माहीत होतं. शेवटच्या डेऱ्यातले मासे उलटे झाले तेव्हा तिला पहिल्यांदा हायसं वाटलं होतं, आणि लगेच पुढचं सुचलं होतं, आणि मग तिनं झोळीची दोरी धरून पुष्कळ वेळ बाळाकडं बघितलं होतं. रोग आहे एवढं सांगून थांबता आलं असतं. पण कडूबा थांबला नसता.

तो म्हणाला, "मंग थो आला कुठून? श्रावनापासून तं नव्हता. आभायातून तं पडला नाई. माह्याच हाताले लागून आला असन, वयनी. कोन्या ना कोन्या वाटनं माह्याच हातानं आला."

"तुमच्या हातानं नाई, मामा. माह्या कळशीतून आला."

बाळ झोळीत होतं, झोळी आपली हलत होती.

कडूबा म्हणाला की मले वाचवाले सोताले दोष लावून घेऊ नोका, तुमी लेकुरवाळ्या. विमल म्हणाली, तुमच्याच हातात बाळ होतं तेव्हा. मामाच्या गावचे पाव्हणे आले म्हणालात. आत्याबाईंनी विहिरीत ओत म्हटलं होतं. मला ती काळी वाटली, म्हणून मी तळ्यावर आले. बाबांच्या तळ्यातले रोहू धडधाकट आहेत. त्यांना हे कधीकाळी होऊन पचून गेलं असेल, ते आता नुसतं अंगावर वागवतात. इथल्यांना ते नवं होतं. तळ्यात त्या दिवसात बाहेरून दुसरं काहीच आलेलं नाही.

कडूबानं मान खाली घातली. त्याला ते पाव्हणे आठवत होते, हे त्याच्याकडं बघून कळत होतं. तो म्हणाला की एवढाले होते, सुईवानी. आणि मग, की पंप मात्र मी धुतला होता.

"धुतला होता," विमल म्हणाली. "थे चुकलंच. पन मासे त्यानं नाई मेले."

तुळशीरामबुवा ओसरीवरून उठून आले. त्यांनी डेऱ्यात वाकून पाहिलं. मग सुनेकडं न बघता म्हणाले की ही गोष्ट या गोठ्याबाहेर जायचं कारण नाही. सुनेच्या माहेरच्या पाण्यानं तळं नासलं असं गावात झालं तर व्याह्यांना तोंड कसं दाखवायचं. रोग आला आणि गेला, एवढं पुरे.

असं झालं असतं तर गावात कडूचा हात कडूच राहिला असता. विमलनं काही म्हणायच्या आत मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"गाळू नको म्हनून मी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं मले सांगतलं, मी इले सांगतलं. उद्या पानवठ्यावर मीच सांगतो. त्यात काय लाजाचं हाय? पोरगी प्रेमानं घेऊन आली, तळ्यानं प्रेमानं घेतलं. ह्यात इख कुठं हाय?"

बुवा पुन्हा ओसरीवर गेले. अडकित्त्याचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गोजरबाईनं भावाला भाकरी खाऊ घातली आणि पाव्हणा आला तसा रिकाम्या गाडीनं गेला. कडूबा त्याला निरोप द्यायला थांबला नव्हता. तो तळ्याचा बांध फोडत होता. मिरगळ आणि झिंगे आधी टोपल्यांनी काढून डबक्यात ठेवले होते, कारण त्यांचा काही संबंध नव्हता, आणि ते त्यानं स्वतःच्या हातांनी काढले होते. साहेबांनी सांगितल्याप्रमाणं तळं कोरडं करून तळाशी कळीचा चुना पसरला. चुना फसफसला, त्याच्या वाफा मळ्यावर गेल्या. विमल बाळाला घेऊन लांब लिंबाखाली उभी होती, जिथं रोहू पुरले होते. तिनं वडिलांना सगळं लिहिलं होतं. त्यांचं उत्तर पुढं आलं की आमचे मासे तर चांगले पोसले आहेत, तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. तिनं ते वाचून ठेवून दिलं. मनाला लावून घ्यायचा प्रश्न नव्हता, पण ते पत्रात समजावणं अवघड होतं.

तळं उन्हाळाभर तापलं. पुढच्या श्रावणात नवं जिरं आलं.

आणि पुढच्या दिवाळीनंतर विमलची धाकटी जाऊ पुष्पा दुसरबीडहून बाळंतपण करून आली. संगं कळशी होती, तोंडाला पान बांधलेलं. तिनं ती विहिरीकडं न्यायला उचलली, तर मंजुळाबाईंनी काढून घेतली आणि मागच्या अंगणातल्या चुलीवर ठेवली. पुष्पा घाबरली, की माहेरच्या पाण्याला असं करतात का. मंजुळाबाई म्हणाल्या, गाळत नाही बाई, नातं आहे तसं राहू दे. नुसती एक उकळी येऊ दे. पाण्याला ताप येऊन गेला की मग लेकराला येत नाही.

चुलीपुढं कडूबा बसला होता. विमलचा पोरगा त्याच्या खांद्यावर पाय सोडून त्याचे केस धरून बसला होता आणि ज्वारीच्या कणसासारखे ओढत होता. कळशीच्या कडेला बुडबुडे धरू लागले तशी पुष्पा म्हणाली, झालं ना आता, उतरवू का.

कडूबानं पोराचा पाय एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं लाकूड आत सारलं.

"थांबा वयनी," तो म्हणाला, "आखीन येऊ द्या."